कापसाच्या मुलुखातील अबोल गोष्ट

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्यावे, असा संपादिकाबाईंचा निरोप आला, तेव्हा संत सोनाजी महाराजांच्या यात्रेविषयी चार ओळी लिहाव्यात असे मी मनात योजिले होते. सोनाळ्याच्या माणसाला त्याहून जवळचा विषय दुसरा कोणता असणार? परंतु त्याच दिवशी दुपारी घरात एक लहानसा प्रसंग घडला आणि माझा विषय बदलला. नात शाळेतून आली. तिने दप्तर खुंटीला अडकविले आणि अगदी सहज आईला म्हणाली, "मम्मी, माझे पॅड संपले. बाजारातून येताना आणशील?" ओसरीवर तिचे आजोबा वर्तमानपत्र वाचीत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही, आणि नातीनेही मान खाली घातली नाही. मी मात्र सुपातली डाळ पाखडता पाखडता थांबले. माझ्या लहानपणी याच ओसरीवर हे वाक्य कोणी उच्चारले असते, तर घरातल्या बायकांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे असे झाले असते.

हे अंतर आपण कसे तोडले आणि ते खरोखर तुटले आहे काय, याचा थोडासा इतिहास सांगावा म्हणून ही लेखणी उचलली आहे. विषय चारचौघींत बोलावयाचा नव्हे, असे काही वडीलधाऱ्या भगिनींना वाटेल. त्यांची मी आरंभीच क्षमा मागते. पण माझेही वय आता सत्तरीच्या पुढे आहे. आम्हीच बोललो नाही, तर ही गोष्ट आमच्याबरोबरच जाईल आणि आमच्या नातींना वाटेल की जगात हे सारे पहिल्यापासून असेच होते.

माझ्या आजीच्या काळी जुन्या लुगड्याला फार मोल असे. नऊवारी लुगडे विरले की त्याचे पहिले धडपे गोधडीत जात, त्यानंतरचे बाळाच्या दुपट्याला जात आणि जे अगदी मऊ, झिरझिरीत उरे ते बायका आपल्यासाठी बाजूला ठेवीत. त्याला घरात नाव नव्हते. नुसते 'फडके' म्हणावयाचे. महिन्याचे चार दिवस आजी ओसरीच्या कोपऱ्यात बसे. 'कावळा शिवला' एवढे सांगून आम्हां मुलांची समजूत घातली जाई, आणि आम्हीही तो कावळा कधी दिसत कसा नाही याचे नवल करीत असू. पहाटे, कोणी उठण्याच्या आत, ती फडकी धुवून आणी आणि ढोरांच्या कोठ्यात, कुडाच्या आडोशाला, दुसऱ्या एखाद्या कपड्याखाली वाळत घाली. पावसाळ्यात ती दोन-दोन दिवस वाळत नसत. तशीच दमट घडी पुन्हा वापरात येई.

माझी पाळी आली तेव्हा मी अजाणतेपणी माझे फडके अंगणातल्या दोरीवर, लख्ख उन्हात टाकले. आजी धावत आली. "नोको वं पोरी, उनात नोको टाकू. मानसं पायतीन." तिच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. तिने ते ओढून काढले आणि कोठ्यात नेऊन ठेवले. पुढे कित्येक वर्षे मीही तेच केले. त्या फडक्याला ऊन का लागू द्यावयाचे नाही, हा प्रश्न मी आजीला विचारला नाही, आणि आजीने आपल्या सासूला विचारला नसावा.

शाळेतली एक आठवण सांगते. १९६७ साली मी सातवीत होते. शाळा गावापासून दूर होती, तिचे नाव येथे सांगावयाचे कारण नाही. मुलींसाठी वेगळी मोरी तेथे नव्हती. एके दिवशी गणिताच्या तासाला फळ्याकडे जाण्यासाठी उठले आणि मागच्या बाकावरून हसू ऐकू आले. परकराला डाग पडला होता. मी तशीच खाली बसले आणि शाळा सुटून सारी मुले जाईपर्यंत उठले नाही. त्यानंतर दर महिन्याला चार दिवस माझी शाळा बुडू लागली. गुरुजींना वाटे, मुलगी आळशी आहे. घरच्यांना वाटे, बरेच झाले, घरी कामाला हात मिळाला. वर्षभरात मी गणितात मागे पडले ती पडलेच. माझ्या बरोबरीच्या दोघी तर पुढच्या वर्षी शाळेत आल्याच नाहीत.

आता कोणी म्हणेल, ही तर आपली परंपरा. ती मोडावी कशी? परंतु परंपरा एकच नसते. आपल्याच वऱ्हाडात तेराव्या शतकात श्रीचक्रधरस्वामी होऊन गेले. त्यांच्या लीळा म्हाइंभटांनी रिद्धपुरी लिहून ठेविल्या, त्यांत हा विषय आला आहे. नाकातून शेंबूड येतो, कानांतून मळ येतो, तसाच हाही देहाचा एक स्वाभाविक स्राव आहे आणि त्याचा विटाळ मानण्याचे कारण नाही, अशा आशयाचे त्यांचे सांगणे आहे. सातशे वर्षांपूर्वी एका पुरुषाने स्त्रियांना हे समोर बसवून सांगितले, याचे आजही आश्चर्य वाटते.

दुसरे नाव संत सोयराबाईंचे. चोखोबांचे जन्मगाव मानले जाणारे मेहुणाराजा आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात, देऊळगावराजा तालुक्यात आहे. म्हणजे त्या आपल्या जिल्ह्याच्या सूनबाईच म्हणावयास हरकत नाही. शिवाशिवीचे चटके त्यांना जातीमुळेही बसले आणि बाईपणामुळेही. देहाचा विटाळ सारे सांगतात, पण विटाळावाचून जन्मलेला देह आहे कोठे, असा सरळ सवाल त्यांनी अभंगातून केला. आपण वारीला जातो, टाळ वाजवितो. परंतु या बाईने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर घरी येऊन देत नाही. ऋषिपंचमीचा उपवास आपल्यातील पुष्कळजणी करतात. त्याच्या मुळाशी विटाळाच्या दोषाची कल्पना आहे, हे किती जणी आपल्या मुलींना सांगतात?

असो. आता मूळ गोष्टीकडे येते. ही गोष्ट कापसाची आहे.

सोनाळा सातपुड्याच्या पायथ्याशी आहे आणि येथील शेती म्हटली की पऱ्हाटी आलीच. वेचणी बायकांची. कमरेला ओटी बांधून, बोंडांच्या काट्यांनी बोटे सोलून घेत, आपल्या किती पिढ्यांनी कापूस वेचला त्याचा हिशेब नाही. या पांढऱ्या सोन्याला १८६१ साली मोठा भाव आला. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, ते १८६५ पर्यंत चालले. तिकडचा कापूस अडला आणि विलायतेच्या गिरण्यांची दृष्टी वऱ्हाडाकडे वळली. लिव्हरपूलच्या बाजारात आपल्याकडच्या कापसाला अमरावतीच्या नावावरून 'ऊमरा' म्हणत. मालासाठी आगगाडी आली. १८७० साली खामगावच्या कापूसपेठेपर्यंतचा फाटा खुद्द गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला. गाठीच्या गाठी बांधल्या जाऊन समुद्रापार गेल्या. वेचणाऱ्या बाईकडे मात्र महिन्याच्या चार दिवसांसाठी विरलेले लुगडेच राहिले.

येथे एक लहानसा प्रयोग घरी करून पाहावा. बोंडातला कापूस घ्या, सरकी काढा आणि तो पुंजका पाण्यात टाका. तो बुडत नाही, तरंगतो. कापसाच्या तंतूवर मेणासारखे एक नैसर्गिक आवरण असते, त्यामुळे तो पाणी धरीत नाही. सोड्याच्या पाण्यात दाबाखाली उकळून हे आवरण काढले आणि कापूस धुऊन पांढरा केला की तोच कापूस आपल्या वजनाच्या वीसपटीहून अधिक पाणी शोषून घेतो. जर्मनीतील ब्रुन्स नावाच्या शस्त्रवैद्याने १८६७ च्या सुमारास ही गोष्ट जखमांच्या उपयोगी आणली, आणि १८७३ पासून हार्टमन यांच्या कारखान्यात असा शोषक कापूस मोठ्या प्रमाणावर निघू लागला. दवाखान्यात निळ्या कागदात गुंडाळलेला जो कापूस आपण पाहतो तो हाच. त्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेत अशा कापसाच्या जाळीत गुंडाळलेल्या घड्या खास स्त्रियांसाठी विकावयासही येऊ लागल्या.

पुढची पायरी पहिल्या महायुद्धात पडली. १९१४ ते १९१८ या काळात जखमींची संख्या इतकी वाढली की कापूस पुरेना. तेव्हा अमेरिकेतील एका कागदाच्या कारखान्याने लाकडाच्या लगद्यापासून एक शोषक पदार्थ बनविला. तो कापसाहून स्वस्त होता आणि अधिक शोषून घेई. रणांगणावरील परिचारिकांनी तो जखमांसाठी वापरला आणि चार दिवसांच्या आपल्या अडचणीसाठीही वापरून पाहिला. युद्ध संपल्यावर कारखान्याने याच पदार्थाच्या घड्या १९२० च्या सुमारास 'कोटेक्स' या नावाने बाजारात आणल्या. म्हणजे ही सोय कोणा मोठ्या पंडिताने शोधली नाही. रात्रंदिवस राबणाऱ्या, धुवावयास वेळ आणि पाणी नसलेल्या नोकरदार बायकांनी ती शोधली.

आणि गंमत अशी की, तिकडच्या प्रगत बायकाही ती विकत घेण्यास लाजत होत्या. दुकानदार बहुधा पुरुष. मग दुकानात एक पेटी ठेवण्यात आली. तीत गुपचूप पैसे टाकावे आणि ढिगातले एक खोके उचलून चालते व्हावे. दुसऱ्या एका कंपनीने वर्तमानपत्रात कापून घेण्याजोगी चिठ्ठी छापली. ती काही न बोलता दुकानदाराच्या हाती द्यावयाची. आपल्याकडे औषधाच्या दुकानात पुडा आधी वर्तमानपत्रात आणि मग काळ्या पिशवीत घालून देतात, त्याचीच ही विलायती बहीण. तेव्हा लाज ही काही आपल्याच वाट्याला आलेली नाही, हे समजून घ्यावे. फरक एवढाच की त्यांनी लाज राखूनही सोय करून घेतली, आणि आपण लाजेसाठी सोय सोडून दिली.

मग ही सोय आपल्यापर्यंत का पोचली नाही? पैसा हे एक कारण खरे. पण अबोला हे त्याहून मोठे कारण. आपला जिल्हा मुळात अबोल नव्हता. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून स्त्रियांच्या वतीने असे सडेतोड बोल सुनावले की पुरुषवर्ग चमकून गेला. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि १९२७ पासून १९५३ मध्ये देह ठेवीपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून शरीराविषयी शास्त्रीय माहिती मराठीत दिली. त्याबद्दल त्यांना अश्लीलतेचे खटले सोसावे लागले. १९३४ सालच्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. शरीराविषयी खरे बोलण्याची अशी किंमत जेथे शहरातल्या प्राध्यापकाला मोजावी लागली, तेथे खेड्यातल्या सासुरवाशिणीने काय बोलावे?

पुढे शहरांतून पॅड मिळू लागले. प्रथम पट्ट्याला अडकविण्याचे, मग चिकटपट्टीचे. तालुक्याच्या ठिकाणीही ते आले. पण घरात तीन बायका असतील तर महिन्याच्या किराण्यात या पुड्यांचा खर्च बसावा कसा? वेचणीच्या मजुरीतून प्रथम तेल-मीठ, मग मुलांची वही, मग नवऱ्याची औषधे. स्वतःची पाळी सर्वांच्या शेवटी. नवऱ्यापाशी पैसे मागावेत तर कारण सांगावे लागे, आणि कारण सांगता येत नसे.

याच अडचणीतून तामिळनाडूत कोइमतूरजवळ एक गोष्ट घडली. ती आता बहुतेकांना चित्रपटामुळे माहीत आहे. तरी आपल्या कापसाशी तिचा संबंध आहे म्हणून सांगते. अरुणाचलम मुरुगनाथम हे साधे कारागीर. १९९८ साली त्यांचे लग्न झाले. बायको काहीतरी पाठीमागे लपवीत आहे असे त्यांनी पाहिले. ती फडकी होती. विकतचे पॅड घेतले तर घरच्या दुधाचे पैसे उरणार नाहीत, असे तिने सांगितले. मुरुगनाथमांनी दुकानातून पुडा आणला आणि त्यांना नवल वाटले की एवढ्याशा कापसाची एवढी किंमत कशी! त्यांनी स्वतः कापसाचे पॅड करून पाहिले. ते टिकेनात. वापरून पाहावयास कोणी बाई तयार होईना, तेव्हा त्यांनी फुटबॉलच्या फुग्यात बकऱ्याचे रक्त भरून तो स्वतःच्या अंगावर बांधून पाहिला. गावाने वेडा ठरविले, बायको माहेरी गेली, आईनेही घर सोडले. दोन वर्षांहून अधिक काळ गेल्यावर त्यांना उलगडा झाला की दुकानातल्या पॅडमध्ये कापूस नसून पाइनच्या लाकडाचा लगदा असतो. पुढे त्यांनी तो लगदा पिंजून, दाबून, जंतुरहित करणारी लहान व स्वस्त यंत्रे बनविली. मोठ्या कारखान्याचे यंत्र कोट्यवधींचे, यांचे हजारांत. २००६ साली मद्रासच्या आय. आय. टी. मध्ये ते मांडले गेले. त्यांनी ते मोठ्या व्यापाऱ्याला न विकता बायकांच्या बचत गटांना दिले. बायकोही परत आली. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गोव्यात डिचोली तालुक्यातील एका बचत गटाने अशाच यंत्रावर 'सखी' नावाचे पॅड तयार करून विकले. कापसाचा मुलूख आपला. तसे एखादे यंत्र आपल्याकडे चालावे असे मला फार वाटते.

सरकारही हळूहळू जागे झाले. २०११ साली केंद्राच्या योजनेत निवडक जिल्ह्यांतील खेड्यांत आशाताईंकडून सहा पॅडचा पुडा सहा रुपयांस मिळू लागला. जुलै २०१७ मध्ये नवा जी. एस. टी. आला तेव्हा पॅडवर बारा टक्के कर बसला आणि कुंकू-बांगड्या मात्र करमुक्त राहिल्या! सौभाग्याला सवलत आणि आरोग्याला दंड, असा तो न्याय होता. देशभर बायका बोलल्या, लिहिते झाल्या, आणि जुलै २०१८ मध्ये तो कर उठला. अबोला सोडल्याने काय होते याचा हा ताजा दाखला. त्याच वर्षी ८ मार्चला, महिलादिनी, महाराष्ट्र शासनाने 'अस्मिता' योजना सुरू केली. तीत जिल्हा परिषदेच्या शाळांतील मुलींना आठ पॅड पाच रुपयांत आणि खेड्यातील इतर स्त्रियांना चोवीस रुपयांत बचत गटांमार्फत मिळत असत. जनऔषधी केंद्रांतील 'सुविधा' पॅड २०१८ साली अडीच रुपयांस एक होता. ऑगस्ट २०१९ मध्ये तो एक रुपयावर आणला गेला. महिन्याला बारा पॅड धरले तर एका बाईला बारा रुपये. एवढा खर्च वेचणीला जाणाऱ्या बाईलाही झेपण्यासारखा आहे. केंद्र जवळ हवे, एवढेच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे आशादायक आहेत. १५ ते २४ वयाच्या स्त्रियांत स्वच्छ साधने वापरणाऱ्यांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये शेकडा ५७.६ होते, २०१९-२१ मध्ये ते ७७.३ झाले. मात्र खेड्यांत ते ७२.३ आणि शहरांत ८९.४ आहे. म्हणजे खेड्यातल्या दर चौघींतील एक तरी अजून मागेच आहे.

आपल्यासारख्याच इतर देशांतही ही धडपड चालू आहे. युगांडात मकेरेरे विद्यापीठातील मुसाझी नावाच्या प्राध्यापकांनी पाणथळीतल्या लव्हाळ्यापासून पॅड बनविले. रुआंडात केळीच्या खुंटाच्या धाग्यापासून बनविले गेले. केनियाने २००४ सालीच पॅडवरील विक्रीकर काढून टाकला. ज्या देशात जे पिकते त्यातून बायकांची सोय, हा विचार मला फार पटतो. आपल्याकडे केळी आहे, कापूस आहे, आणि कापूस वेचणारे हातही आहेत.

आता माझे खरे सांगणे. पॅड आले म्हणजे सारे झाले असे समजू नये, आणि फडके म्हणजे घाण असेही समजू नये. दोष फडक्याचा नव्हता. सुती, मऊ फडके साबणाने स्वच्छ धुतले, कडक उन्हात वाळविले आणि कोरडे, झाकून ठेवले तर ते आजही चांगलेच साधन आहे. ऊन हे फुकटचे औषध आहे. आमचे नुकसान झाले ते कोठ्यातल्या अंधाराने आणि दमटपणाने. खाज, पुरळ, अंगावरून जाणे, पोटात दुखणे हे सारे बायकांनी नशिबाचा भाग म्हणून सोसले. आणि सांगावयाचे कोणाला म्हणून डॉक्टरकडेही गेल्या नाहीत. विकतचे पॅडही तेरा-चौदा तास तसेच ठेवले तर अपायच करतात. चार ते सहा तासांनी ते बदलावे. अलीकडे रबरासारख्या मऊ पदार्थाचा कप निघाला आहे. तो उकळून वर्षानुवर्षे वापरता येतो. केरळात आलप्पुळा नगरपालिकेने २०१९ साली पाच हजार कप वाटले. कोणी काय वापरावे हे ज्याने त्याने ठरवावे. पण माहिती सर्वांना असावी.

वापरलेल्या पॅडचे काय करावयाचे, हाही मोठाच प्रश्न आहे. आजच्या बहुतेक पॅडमध्ये प्लास्टिक असते. ते मातीत कुजत नाही, आणि परसात जाळले तर विषारी धूर होतो. नाल्यात, विहिरीकडेला टाकलेल्या पिशव्या आपण पाहतोच. पुण्यात कचरावेचक स्त्रियांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने नागरिकांना विनविले की पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका द्या, म्हणजे आमच्या भगिनींना ते उघडावे लागणार नाहीत. २०१६ च्या घनकचरा नियमांनीही गुंडाळण्यासाठी पिशवी देण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली. आपली लाज झाकताना ती दुसऱ्या बाईच्या हातात पडू नये, इतके तरी आपण पाहावे.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही, हे बीड जिल्ह्याने दाखवून दिले. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आले की, पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढण्यात आली होती. फडावर पाणी नाही, मोरी नाही, खाडा झाला तर मजुरी बुडते. त्यात आजार वाढतो आणि डॉक्टर म्हणतो, पिशवी काढून टाका. चार दिवसांच्या अडचणीला इतकी भयंकर किंमत! म्हणून माझी कळकळीची विनंती आहे: अंगावरून फार जात असेल, पोटात दुखत असेल, तर लाजू नका, आणि कोणी पिशवी काढावयास सांगितली तर घाई न करता दुसऱ्या डॉक्टरांचेही मत घ्या.

आपल्या मंडळाने हळदीकुंकू केले, भजने बसविली, बचत गटांना हात दिला. आता आणखी तीन गोष्टी कराव्यात असे मला वाटते. महिन्यातून एकदा शाळेतल्या मुलींबरोबर, आणि त्यांच्या आयांबरोबरही, बसून या विषयावर मोकळेपणी बोलावे, आशाताईंना बोलवावे. मंडळाच्या कपाटात स्वस्त पॅडचा साठा ठेवून ज्या दिवशी ज्या बाईला लागेल तिला तो मूळ भावाने द्यावा. आणि शाळेच्या मुलींच्या मोरीत पाणी आहे का, दाराला कडी आहे का, हे वर्षातून दोनदा स्वतः जाऊन पाहावे. यासाठी मोठा निधी नको. थोडा धीर हवा.

लेख संपविण्यापूर्वी एक कबुली देते. त्या दिवशी नातीचे बोलणे ऐकून मी उठले आणि पेटीतले जुने सुती पातळ काढले. चार चौकोनी घड्या कापल्या, कडा शिवल्या, धुतल्या आणि अंगणातल्या दोरीवर, मधोमध, उन्हात वाळत घातल्या. मला आता त्यांचा उपयोग नाही. नातीने विचारले, "आजी, हे काय गं?" मी तिला आजीची सारी गोष्ट सांगितली. ती ऐकत राहिली, आणि मग म्हणाली, "त्यांना ऊन मिळालंच नाही ना?"

माझ्या आजीला ते मिळाले नाही. तुमच्या-माझ्या नातींना ते मिळावे, एवढीच वर्धापनदिनी मंडळाजवळ मागणी करते आणि लेखणी खाली ठेवते.